फांदीला फांदी

भीमाशंकरला दोन बाजूंनी जाता येतं. घाटावरून निघालं तर मंचर, घोडेगाव, डिंभे धरण मागे टाकत गाडी देवळाच्या पायऱ्यांजवळ नेऊन सोडते. कोकणातून जायचं तर कर्जत तालुक्यातल्या खांडसला गाडी सोडायची आणि आठशे मीटरहून अधिक चढ पायांनी चढायचा. देव एकच, गाभाराही तोच. पण या दोन बाजूंनी वर पोचलेल्या माणसांना विचारा, वाटेत काय दिसलं? उत्तरं ऐकून वाटेल, ही माणसं दोन वेगळ्या जंगलांतून आली आहेत.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा चाळी आणि सोसायट्यांचा शेजार इतर लेखकांवर सोपवून झाडांच्या शेजाराकडे जायचं ठरवलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याच शेजारावर जगतो. एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाच्या फांदीला लागते की नाही, यावर त्याचं खाणं, घर, जोडीदार, सगळं अवलंबून असतं. ते बघायचं तर खांडसहून चढणं भाग होतं, आणि तेही वैशाखात, पाऊस वाट बंद करण्याआधी.

खांडसहून वर

कर्जत किंवा नेरळ स्टेशनावरून कशेळेमार्गे खांडस गाठता येतं. गावापुढे थोडं गेलं की वाट फुटते. एक वाट शिडी घाटाची. ती जवळची, पण उभी. कड्याच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत आणि पावसाळ्यात त्या निसरड्या झाल्या की भल्याभल्यांची परीक्षा घेतात. दुसरी गणेश घाटाची. ती लांबची, वळसे घेत जाणारी, वाटेत गणपतीचं देऊळ असलेली. प्राणी-पक्षी बघायचे असतील तर गणेश घाटच बरा. शिडी घाटात सगळं लक्ष हातापायांकडे लागतं, डोकं वर करायला सवड मिळत नाही.

सोबत पदरवाडीतले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून आम्हीही. खांद्याला पाण्याची बाटली आणि हातात काठी, एवढंच सामान. निघताना त्यांनी एकच अट घातली, “गाणी नका लावू. नऊच्या आत जेवढं दिसंल तेवढं खरं, मग सगळं सावलीला जातं.”

ही अट प्राण्यांच्या दिनक्रमावरच बेतलेली होती. वैशाखात या उतारावरचे दगड दहाच्या सुमाराला तापतात. शेकरू, वानर, पक्षी पहाटेपासून दोन-तीन तास खाऊन घेतात, मग उन्हं कलेपर्यंत बहुतेक काळ बसून काढतात. शहरातून सकाळी निवांत न्याहारी करून निघालेले गट नेमके याच वेळी चढायला लागतात आणि ‘काही दिसलं नाही’ म्हणत उतरतात. आम्ही अंधार असतानाच गाव सोडलं. शेतांवर टिटव्या ओरडत होत्या आणि पावश्याची ‘पेर्ते व्हा’ सुरू झाली होती.

वाटेवरची वर्दळ

पायथ्याचं रान पानझडीचं. साग, ऐन, किंजळ, मधूनच पळस. वैशाखात यातली बरीचशी झाडं उघडी, काहींना नुकती पालवी. इथे शेकरू शोधण्यात अर्थ नसतो. पण वाटेवर रात्रभर वर्दळ झालेली असते आणि तिच्या खुणा उजाडताना ताज्या असतात.

पहिली खूण एका सपाट दगडावर सापडली. करवंदाच्या आणि कसल्याशा फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा. मामांनी काठीने दाखवली, “उदमांजराची.” हा प्राणी रात्री फळं खातो, गर पचवतो आणि बिया भलत्याच ठिकाणी, बहुधा उघड्या जागी टाकून जातो. करवंदाची नवी जाळी कुठे उगवणार, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. त्याच्या थोडं पुढे, वाटेच्या ऐन मध्यावर, दुसरी विष्ठा होती. वाळून पांढरट पडलेली आणि केसांनी भरलेली. ती बिबट्याची. बिबट्या माणसांच्या पाऊलवाटा सर्रास वापरतो. पाचोळ्यातून चालण्यापेक्षा मळलेल्या वाटेवर पायरव कमी होतो आणि वाटेवर टाकलेली खूण दुसऱ्या बिबट्यालाही हद्द सांगते. दिवसा माणसं, रात्री बिबट्या, वाट एकच.

गणपतीचं देऊळ मागे पडल्यावर रानकोंबड्याची तुटक आरोळी आली आणि तिच्यामागोमाग वरच्या उतारावरून खोकल्यासारखा कोरडा आवाज, ‘खँक्’. थोड्या अंतराने पुन्हा. मामा थांबले. “वानार बोलतोय. खाली कायतरी हाय.”

काळ्या तोंडाच्या वानरांच्या टोळीतला नर उंच फांदीवर बसून राखण करतो. बिबट्या दिसला की तो असा खाकरतो आणि बाकीची टोळी शेंड्याकडे सरकते. ही हाक टोळीला सावध करते, पण तिचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. बिबट्याची शिकार दबा धरून होते. आपण दिसलो हे त्याला कळलं की पाठलागात त्याला रस उरत नाही. हाक म्हणजे त्यालाही दिलेला निरोपच असतो. भेकरं, कोंबडे, पक्षी, सगळेच वानराची ही हाक ओळखतात. थोड्या वेळाने दरीतून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज आला. तो भेकराचा. मग पंधरा-वीस मिनिटं हाक नाही. जे कोण खाली होतं ते निघून गेलं असावं. बिबट्या आम्हाला दिसला नाही, पण त्याचा माग दोन शेजाऱ्यांनी आम्हाला ऐकवला.

पदर

सह्याद्रीचा कडा एकदम उभा चढत नाही. निम्म्यावर एक सपाटी लागते, तिला पदर म्हणतात. पदरवाडी या सपाटीवर आहे आणि तिच्या बाजूला पदरगडाचा सुळका. दोन्ही घाटांच्या वाटा इथे येऊन मिळतात. विहीर, शेताचे छोटे तुकडे, कुडाची काही घरं आणि शनिवार-रविवारी चहा-पोहे मिळणारी झोपडी. घरांचे कूड कारवीच्या काठ्यांचे, वर शेणमातीचा लेप. ही कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच, एकगठ्ठा फुलते आणि मरते. मग वाळलेल्या काठ्या जळणाला नाहीतर कुडाला येतात.

पदराच्या वर रान बदलतं. हा बदल इतका स्पष्ट असतो की नकाशाशिवाय कळतो. पायाखालचा कोरडा, वाजणारा पाचोळा ओलसर होतो, ऊन तुकड्या-तुकड्यांनी खाली येतं आणि गारवा जाणवतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग या कड्याला अडतात. पाऊस पडतो फार, आणि पाऊस नसतानाही धुकं पानांवर निथळत राहतं. म्हणून माथ्याजवळ सदाहरित झाडं तगतात: अंजनी, जांभूळ, पिसा, आंबा, फणसाडा. यांची उंची फार नसते, पण माथे एकमेकांत घुसलेले असतात. खालून वर बघितलं तर कुठलं पान कुठल्या झाडाचं, सांगता येत नाही. शेकरूचं राज्य इथून सुरू होतं.

शेंड्यावरचा रहिवासी

शेकरू आधी ऐकू येतं. जंगलात शांतता असेल तर पानांवर काहीतरी टपटपतं. कुरतडलेल्या साली, अर्धवट खाल्लेल्या कैऱ्या. रायवळ आंब्याच्या एका झाडाखाली असा ताजा सडा पडला होता. वर बघून मान अवघडली, तरी काही दिसेना. मग एक फांदी वाऱ्याच्या उलट दिशेने हलली.

मागच्या पायांनी फांदी धरून ते उलटं लोंबत होतं आणि पुढच्या दोन पायांत कैरी. पाठ तांबूस-तपकिरी, पोट पिवळट पांढरं, शेपटी अंगाइतकीच लांब आणि टोकाला फिकी. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभर लांबीचा आणि दीड-दोन किलो वजनाचा हा प्राणी इतक्या बारीक फांदीवर कसा तोलला जातो, हे शेपटीकडे बघून कळतं. खाताना ती दुसऱ्या बाजूला लोंबते आणि तोल राखते. उडी मारताना मागे ताठ होते. कैरी संपली, कोय खाली पडली. मग ते फांदीच्या अगदी टोकापर्यंत धावलं, टोक वाकलं आणि त्याच झोक्यात शेजारच्या जांभळावर गेलं. मधलं अंतर चांगलं बारा-पंधरा फुटांचं असेल. शेकरू सहा मीटर, म्हणजे वीस फुटांपर्यंत झेप घेऊ शकतं.

तेवढ्यात माथ्यांना जवळजवळ घासत एक काळा गरुड संथपणे तरंगत गेला. हा पक्षी झाडांच्या शेंड्यांवरून असाच हळू फिरतो आणि घरटी, पिल्लं, बेसावध प्राणी टिपतो. जांभळावरचं शेकरू क्षणात फांदीला चिकटून सपाट झालं, पुन्हा हललंच नाही. कुठे आहे ते माहीत असूनही आम्हाला ते दिसेना. मग एकदम खडखडाट सुरू झाला, ‘टक-टक-टक-टक’, रिकाम्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. गरुड दूर गेल्यावरही तो बराच वेळ चालू होता.

घरटी मात्र सहज दिसली. काटक्या आणि पानांचे मोठे गोळे, झाडाच्या वरच्या भागात, बारीक फांद्यांच्या बेचक्यात. बिबट्या किंवा माकड तिथवर गेलं तर फांदी त्याचं वजन पेलत नाही. आम्ही एकाच झाडावर दोन आणि शेजारच्या झाडावर एक घरटं बघितलं, तेव्हा सोबतच्या मित्राने लगेच हिशेब केला, “म्हणजे तीन शेकरू.” मामा हसले. “एकाचीच असतील. त्याला का भाडं पडतंय?” ते खरंच आहे. एक शेकरू आपल्या हद्दीत अनेक घरटी बांधतं. काही झोपायला, काही विणीला, काही नुसती पडून. वनखातं शेकरूंच्या गणनेत घरटीही मोजतं, पण घरट्यांचा आकडा म्हणजे प्राण्यांचा आकडा नसतो. बातम्यांत शेकरूंची संख्या वाढल्याचं वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बिया घरट्यांत साठवून ठेवण्याची सवयही भीमाशंकरच्या शेकरूंमध्ये नोंदली गेली आहे. शहरातली खार दाणे मातीत पुरते. याच्या सगळ्या व्यवहारात माती कुठे येतच नाही.

गव्हर्नराच्या नावाचा प्राणी

शेकरू भारतातल्या दाट जंगलांत विखुरलेलं आहे, पण रंग प्रदेशागणिक बदलतो. सह्याद्रीच्या या भागातल्या उपजातीचं शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३१मध्ये केलं आणि तिला मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं नाव दिलं. हा साइक्स दख्खनच्या पाहणीसाठी नेमलेला लष्करी अधिकारी. शेती, कर, हवामान नोंदता नोंदता त्याने पक्षी आणि प्राणीही टिपून ठेवले.

१९८०च्या दशकात रेनी बोर्जेस यांनी भीमाशंकर आणि कर्नाटकातलं मागोड इथे शेकरूंच्या खाण्याचा बारकाईने अभ्यास केला. एकाच प्राण्याला वर्षभर पुरेल असं एकही झाड नसतं. कधी फळ, कधी फूल, कधी कोवळं पान, कधी साल. म्हणून वेगवेगळ्या जातींची झाडं जवळजवळ असणं आणि त्यांच्यात ये-जा करता येणं, दोन्ही लागतं. १९८५मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं, ते मुख्यत्वे शेकरूसाठी. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत शेकरूला ‘फारशी चिंता नाही’ या वर्गात ठेवलेलं आहे, मात्र संख्या घटत असल्याची नोंदही तिथेच आहे. देशभराचा आकडा ठीक असला, तरी एखाद्या डोंगरावरची शेकरू संपू शकतात, कारण मधलं उघडं माळरान ओलांडून दुसऱ्या डोंगरावरून नवी शेकरू येत नाहीत.

हिरडा, राब आणि देव

हे रान टिकलं कसं, याचं उत्तर अभयारण्याच्या फलकावर मिळत नाही. ते माणसांच्या व्यवहारात आहे.

माथ्यावर पोचायच्या थोडं आधी दोन बायका आणि एक मुलगा हिरडा गोळा करताना भेटले. मुलगा झाडावर चढून फांद्या हलवत होता, खाली बायका कोवळी फळं वेचत होत्या. हा बाळहिरडा. आंबेगाव, जुन्नर, खेड या तालुक्यांच्या पश्चिमेला राहणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांना उन्हाळ्यात रोख पैसा देणारं हे पीक. वाळवून विकायचा, औषधाला जातो, कातडी कमावायला जातो. कुठलं झाड कुणाचं, हे घराघरांना माहीत असतं आणि फळ देणारं झाड कुणी तोडत नाही. २०२०च्या जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळाने ज्या घरांची झाडं झोडपली, त्यांच्या दृष्टीने ते बँकेतलं खातं बुडण्याइतकंच होतं. “ह्या झाडावर आमी बी चढतो आन् शेकरू बी,” त्यातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, “भांडण न्हाई.”

भांडण अगदीच नाही असं नव्हे. भात आणि नाचणीच्या रोपांसाठी वाफा भाजावा लागतो. त्याला राब म्हणतात. राबाला पाला, फांद्या, शेण, गवत लागतं, म्हणून गावाजवळची झाडं दरवर्षी छाटली जातात. छाटलेल्या झाडाला माथा राहत नाही. नुसतं खोड आणि चार झुबके. अशा झाडावरून शेकरू कुठेच जाऊ शकत नाही. पण जिथे देवराई सुरू होते, तिथे कोयता थांबतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा बाकी डोंगर उघडे पडत असताना देवाच्या नावाने राखलेले हे तुकडे कसे शिल्लक राहिले, ते जगापुढे आलं. भीमाशंकरच्या परिसरात आहुप्यासारख्या गावांच्या देवराया आजही उभ्या आहेत. शेकरूला त्यांचा धर्म कळत नाही, अखंड माथे कळतात.

या माथ्यांचा हिशेब दूरपर्यंत जातो. इथे उगम पावणारी भीमा पूर्वेला वाहत पंढरपुरात चंद्रभागा होते आणि शेवटी कृष्णेला मिळते. आम्ही चढून आलो त्या बाजूचं पाणी पश्चिमेला, उल्हासच्या खोऱ्यात उतरतं. पंढरीचा वारकरी आणि कर्जतचा भातशेतकरी, दोघांचंही पाणी याच रानातल्या पाचोळ्यात मुरतं.

देवळापाशी

माथ्यावर पोचलं की पहिल्यांदा ऐकू येतो तो लाउडस्पीकर. मग प्रसादाची दुकानं, मक्याची कणसं, पाण्याच्या बाटल्या आणि लाल तोंडाची माकडं. ही माकडं रानातही असतात, पण इथली वेगळी वागतात. एका पोराच्या हातातलं वेफर्सचं पाकीट माकडाने हिसकावलं. बापाने दुसरं पाकीट फोडून उरलेल्या टोळीलाही वाटलं आणि मोबाइल काढला. याचा परिणाम साधा आहे. रानात फळं शोधायला माकडाला दिवस घालवावा लागतो, इथे मिनिटं पुरतात. टोळ्या रस्त्याकडेला येऊन राहतात, गाड्यांखाली सापडतात, माणसांना चावतात आणि मग ‘माकडांचा बंदोबस्त करा’ अशी मागणी होते. गाडीने आलेल्या बहुतेकांना भीमाशंकरचं वन्यजीवन म्हणून एवढंच दिसतं.

श्रावणात आणि महाशिवरात्रीला इथे रांगा पायऱ्यांच्या बाहेर जातात. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असल्याने ही गर्दी हटणार नाही, हटावी असंही कुणी म्हणू नये. नाशिकच्या सिंहस्थाला येणारे अनेक भाविक त्र्यंबकेश्वरानंतर भीमाशंकरही करतात, म्हणजे येत्या काळात ओघ वाढणारच. वाहनतळ, शौचालयं, रांगांची व्यवस्था हवीच. या सगळ्या सोयी करताना वरती काय तुटतं, एवढा एक प्रश्न विचारायला हवा.

सहा मीटर आणि सात मीटर

हा प्रश्न भावनेचा नाही, मापाचा आहे. शेकरूची मोठ्यात मोठी झेप सहा मीटर. दुपदरी रस्त्याचा नुसता डांबरी पट्टा सात मीटर. त्याला दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या, गटार आणि वीजतारांसाठी छाटलेली कड जोडली, की फट दहा-बारा मीटरच्या वर जाते. रस्त्याच्या कडेची जुनी झाडं राहिली, तर त्यांच्या फांद्या वरून एकमेकींना भेटतात आणि खालून बस गेली तरी वरचा रस्ता चालू राहतो. कडेची झाडं गेली की रानाचे दोन तुकडे होतात. मग शेकरूला एकतर आहे त्या तुकड्यात अडकून राहावं लागतं, नाहीतर जे त्याला येत नाही ते करावं लागतं: जमिनीवर उतरून, डांबरावरून, कुत्र्यांच्या समोरून पळावं लागतं.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. तमिळनाडूत वाल्पराईजवळ चहाच्या मळ्यांतून जाणाऱ्या रस्त्यावर सिंहपुच्छ माकडांसाठी झाडांच्या माथ्यांमध्ये झुलते पूल बांधले गेले आणि माकडं ते वापरतात. पण पूल हा तुटलेल्या ठिकाणचा इलाज झाला. भीमाशंकरला अजून बऱ्याच ठिकाणी तुटलेलं नाही. इथे कडेची झाडं न तोडणं, वीजतारा भूमिगत किंवा आवरणाच्या करणं, गाड्या अभयारण्याच्या बाहेर थांबवून पुढे बस चालवणं आणि राबाला पर्याय देताना गावाला विश्वासात घेणं, एवढ्याने भागेल.

आम्ही दुपारी सावलीत थांबून, उन्हं कलल्यावर त्याच वाटेने उतरलो. पदरवाडीच्या वरच्या रानात मामांनी आणखी एक शेकरू दाखवलं.

वाचकांना सांगणं एवढंच. पाऊस सरल्यावर ते पुढच्या वैशाखापर्यंत कधीही खांडसहून जा, गणेश घाटाने जा, उजाडायच्या आत निघा. पदरवाडीतला किंवा खांडसचा वाटाड्या घ्या आणि त्याला योग्य मोबदला द्या. माकडाला काही खायला देऊ नका. आणि गाडीने गेलात तर देवळाच्या अलीकडच्या रस्त्यावर काच खाली करून वर बघा. फांदीला फांदी लागलेली दिसली नाही, तर वनखात्याला आणि बांधकाम खात्याला पत्र लिहून ते झाड कुणी आणि कशासाठी तोडलं, ते विचारा.